तिसरी खूण

१

फेब्रुवारीतला शनिवार रॉजर कांगासच्या घरी कसा जातो, हे नॉर्थ शाफ्ट गावात कोणीही सांगेल. सकाळी दारातला बर्फ फावड्याने बाजूला सारायचा, कालची पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, गरम करायची, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मेलेल्या माणसांना गुण द्यायचे.

खेळ बेसबॉलचा, पण संगणकावरचा. गावातल्या आठ जणांनी आठ संघ वाटून घेतले होते आणि हिवाळाभर ते एकमेकांशी तावातावाने भांडत होते. दुसऱ्या गावांतले लोक असल्या खेळात नावाजलेले खेळाडू घेतात. नॉर्थ शाफ्टची मंडळी मुलखावेगळी. त्या आठांतल्या डार्लीन ट्रेव्हॅरोला टाउन हॉलच्या कपाटात जुन्या धावसंख्येच्या वह्या सापडल्या, तांब्याच्या खाणी चालू होत्या तेव्हाच्या. तेव्हा दर रविवारी एका खाणीचा संघ दुसऱ्या खाणीशी खेळायचा. झालं. त्या वह्यांतला प्रत्येक माणूस आता संगणकात पुन्हा उभा राहिला होता, आणि पिचर लोकांना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना, जोखायचं काम रॉजरकडे आलं होतं.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. पिचर किती प्रकारचे चेंडू टाकतो आणि प्रत्येक प्रकाराला वीस ते ऐंशी यांतला कोणता आकडा, हे गेमला सांगावं लागतं. शून्य ते शंभर का नाही, असं या लोकांना विचारू नये. ते तुमच्याकडे कीव येऊन बघतात. पन्नास म्हणजे चारचौघांसारखा, साठ म्हणजे नाव घेण्यासारखा, आणि ऐंशी म्हणजे जन्मात एकदा बघायला मिळाला तरी नशीब.

पण पंचाहत्तर वर्षांपूर्वी टाकलेल्या चेंडूला आकडा द्यायचा कसा? वहीत धावा असतात, चेंडू नसतात. त्यासाठी रॉजरकडे ओन्नी माकेला होता. ओन्नी चौऱ्याण्णव वर्षांचा. गावाच्या टोकाला वृद्धाश्रम आहे, तिथे राहायचा. एके काळी तो कॅचर होता. वहीतल्या बहुतेक पिचरांसमोर उकिडवा बसून त्यानेच त्यांचे चेंडू झेलले होते. रॉजर नाव वाचायचा, ओन्नी डोळे मिटून डावा पंजा उघडायचा, आणि जे काही आठवायचं ते त्या पंज्याला आठवायचं. त्याची बोटं इतक्या वेळा मोडली होती की चारही बोटं चार दिशांना गेली होती.

"चार्ली बेनेटी," रॉजर म्हणायचा. "जोराचा किती?"

"पंचावन्न."

"वळणारा?"

"पस्तीस. वळायचा कसला, नुसता वळायचा विचार करायचा."

असं मजेत चाललं होतं. मग एका मंगळवारी एइनो लाम्पीचं नाव आलं.

"जोराचा?"

"साठ."

"वळणारा?"

"साठ. थांब, पासष्ट लिही."

"तिसरा?"

ओन्नीने पंजा मिटून घेतला.

"दोनच होते का?" रॉजरने विचारलं.

"तीन."

"मग सांगा की."

"त्याला आकडा नको, पोइका."

पोइका म्हणजे फिनिश भाषेत पोरगा. रॉजर सहासष्ट वर्षांचा होता, एकतीस वर्षं काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवून निवृत्त झालेला. पण ओन्नीच्या लेखी तो पोरगाच. रॉजर सहा वर्षांचा असताना त्याचा बाप घर सोडून गेला, तेव्हा शेजारच्या ओन्नीने त्याला अंगणात उभं करून चेंडू झेलायला शिकवलं. रॉजरला ते कधी जमलं नाही. चेंडू जवळ आला की तो डोळे मिटायचा. "डोळे उघडे ठेव," हे वाक्य ओन्नीने त्याला हजारदा तरी ऐकवलं असेल. आता रॉजर एकटा राहायचा, आणि जवळचं म्हणावं असं माणूस त्याला हे एवढंच उरलं होतं.

घरी येऊन त्याने एइनोचे दोन आकडे भरले आणि अडला. ज्याच्याकडे दोनच प्रकार, त्याला गेम सामना सुरू करू देत नाही. दमलेल्या पिचरच्या जागी शेवटी उतरवायला त्याला मागे बसवून ठेवतो. पण वहीत तर एइनोने अकरा सामने सुरू केले होते आणि अकराही स्वतःच संपवले होते. असला माणूस मागे बसवायचा म्हणजे अन्यायच. तेव्हा रॉजरने तेच केलं जे या उद्योगातला कोणीही करेल. चेंडूंच्या प्रकारांच्या यादीत सगळ्यांत खाली 'इतर' म्हणून एक चौकट होती. तिथे त्याने पन्नास टाकलं. कोणाला काय कळतंय, असं मनाशी म्हणाला आणि पेस्टी खायला बसला.

२

सामने शनिवारी दुपारी दोनला लागायचे. डार्लीन तिच्या संगणकावर कळ दाबायची, आणि मग टाकलेल्या प्रत्येक चेंडूची एक एक ओळ आठही घरांतल्या स्क्रीनवर उमटत जायची. फटका मारला, चुकला. सोडून दिला. बाहेर गेला. या ओळी रॉजरला तोंडपाठ होत्या.

एइनोच्या पहिल्या सामन्यात चौथ्या डावात एक नवीन ओळ आली. 'इतर. फलंदाज वाट बघतो. स्ट्राइक.'

स्ट्राइक म्हणजे फलंदाजाच्या नावावर एक चूक; तीन झाल्या की तो बाद. रॉजरने चष्मा पुसला. पुढे पाच वेळा एइनोने तो तिसरा चेंडू टाकला आणि पाचही वेळा तीच ओळ. एकाही फलंदाजाने बॅट हलवली नव्हती.

त्याने फोन उचलला. "डार्लीन, 'वाट बघतो' अशी ओळ आहे का गं गेममध्ये?"

"मला काय विचारतोस? मी चाळीस वर्षं लायब्ररी सांभाळली, गेम नाही लिहिला."

"आधी कधी बघितलीस?"

"नाही बघितली. असेल काहीतरी. तुझा पिचर जिंकतोय ना? मग गप बस की."

गप बसणं रॉजरच्या स्वभावात नव्हतं. त्याने एइनोचं पान उघडलं. जोराचा साठ. वळणारा पासष्ट. इतर साठ.

पन्नास टाकलं होतं. नक्की पन्नासच टाकलं होतं.

त्याने पुन्हा फोन लावला. "तू माझ्या एइनोच्या आकड्याला हात लावलास का?"

"रॉजर, माझा संघ शेवटून दुसरा आहे. हात लावायचाच असता तर माझ्या पोरांना लावला नसता?"

हेही खरंच होतं. खेळाडूंचं सुधारणं, म्हातारं होणं, हे सगळं डार्लीनने पहिल्या दिवशीच बंद करून टाकलं होतं. आकडे हलायला जागाच नव्हती. रॉजरला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर त्याला मजाच वाटली. हिवाळ्यात नवीन काही घडत नाही. त्याने वहीत तारीख टाकून लिहिलं: तिसरा, पन्नास, साठ. खाली प्रश्नचिन्ह काढलं, आणि शनिवारची वाट बघू लागला.

३

सोमवारी वृद्धाश्रमात क्रिस्टीने त्याला दारातच गाठलं. तिथली मदतनीस ती, बोलायला तिखट पण मायाळू.

"तुमच्या मित्राला काय झालंय हो? शनिवारी दुपारी खुर्चीत बसून हात असा पुढे धरून होते," तिने छातीसमोर पंजा उघडून दाखवला. "पावणेतीनला मी गोळ्या घेऊन गेले तर म्हणाले, बाजूला हो, मध्ये येऊ नकोस."

चौथा डाव पावणेतीनच्या सुमाराला लागला होता. रॉजरच्या ते लक्षात आलं, आणि लगेच त्याने मनाला समजावलं की चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस दुपारी काहीही करतो.

ओन्नीची खोली कोपऱ्यात होती. ती त्याने मागून घेतली होती. खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा, तिच्यापलीकडे जुनं मैदान. आता त्यावर छातीएवढा बर्फ, आणि जाळीच्या खांबांची फक्त टोकं वर दिसत होती. मैदान जसं आखलेलं होतं, त्यात ही खोली बरोबर कॅचरच्या पाठीमागे आली होती.

"एइनोचा तिसरा चेंडू कसला होता?" रॉजरने बसल्या बसल्या विचारलं.

"तू त्याला आकडा दिलास," ओन्नी म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

"पन्नास दिला. नाहीतर गेम त्याला सुरुवात करू देईना."

 ओन्नीने मांडीखालून तीन बोटं दाखवली, कॅचर पिचरला खूण करतो तशी. एक बोट म्हणजे जोराचा, दोन म्हणजे वळणारा. "ही तिसरी खूण. मी वर्षात चार-पाचदाच करायचो. बाकीचे चेंडू तुझ्याकडे येतात, पोइका. तो येत नाही असं वाटतं. हातातून सुटलेला दिसतो आणि मग तू नुसता बघत बसतोस. फलंदाजही बसतो."

"म्हणजे हळू?"

"हळू नाही." तो शब्द शोधत होता. "शेवटच्या सामन्यात शेवटच्या फलंदाजाला मी तीच खूण केली. एइनोने टाकला. पंचाने स्ट्राइक दिली. सामना संपला, लोक मैदानात आले, एइनोला खांद्यावर घेतलं. आणि माझ्या हातमोज्यात चेंडू नव्हता."

"सुटला असेल हातून."

"असं सगळेच म्हणाले. अंधार पडेपर्यंत शोधला. गवत कापलं दुसऱ्या दिवशी." ओन्नीने आपल्या पंज्याकडे पाहिलं. "सुटला नाही. माझ्यापर्यंत आलाच नाही अजून."

रॉजर हसणार होता. पण त्या 'अजून'ने त्याचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

४

रॉजर साधा माणूस होता, पण बुद्धीला पटल्याशिवाय मान डोलावणारा नव्हता. त्याने पडताळा घ्यायचं ठरवलं. पुढच्या शनिवारी त्याने एइनोला विश्रांती दिली आणि दोनच्या आधीच ओन्नीच्या खोलीत जाऊन बसला. ओन्नीने दुपारभर पत्ते खेळले, रॉजरला तीनदा हरवलं, वर "तुला पत्तेही झेलता येत नाहीत" असा टोमणा मारला. हात एकदाही वर गेला नाही. घरी येऊन पाहिलं, तर आकडा साठच.

इथेच थांबायला हवं होतं. रॉजरला ते कळत होतं. पण एका पडताळ्याने काही सिद्ध होत नाही, आणि सत्तर झाला तर त्या ओळीत आणखी काय दिसेल हे जाणून घ्यायचं त्याला वेडच लागलं होतं. बर्फाच्या ट्रकवर असताना वादळात रस्ता कुठे संपतो ते बघायला तो असाच पुढे पुढे जात राहायचा. तिसऱ्या शनिवारी त्याने एइनोला पुन्हा उतरवलं, आणि या वेळी वृद्धाश्रमात न जाता स्क्रीनसमोर बसला.

'इतर. फलंदाज वाट बघतो. कॅचर वाट बघतो. स्ट्राइक.'

कॅचर वाट बघतो. तो ती ओळ वाचत असतानाच आकडा सत्तर झाला होता. आणि साडेपाचला क्रिस्टीचा फोन आला.

"अडीचपासून हात वर धरून बसलेत. मी आणि आणखी एकीने मिळून आत्ता जबरदस्तीने खाली केला. नाडी इतकी जोरात चालली होती की डॉक्टरांना बोलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर यांचं हृदय काही पेलायचं नाही. काय चाललंय, रॉजर? तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

रॉजरला स्वतःची लाज वाटली. एका आकड्याच्या कुतूहलापायी त्याने ज्या माणसाला पणाला लावलं होतं, त्याच्याशिवाय त्याचं जगात कोणी नव्हतं.

तो आठवडाभर त्याच विचारात होता. एइनोला संघातूनच काढावं, तर नियमाप्रमाणे मोसमाच्या मध्येच काढता येत नव्हतं. पुन्हा विश्रांती द्यावी, तर बाकीचे तिन्ही पिचर जखमी. मग त्याला सोपा उपाय सुचला. चौथ्या शनिवारी सकाळी त्याने 'इतर'ची चौकट बंद केली. तिसरा चेंडूच नाही, तर तो टाकणार कुठून? दुसरा कोणी धड नसला की गेम दोन प्रकारवाल्यालाही सुरुवात करू देतो. एइनो आपला दोन चेंडूंवर खेळेल, दुसऱ्या-तिसऱ्या डावात मार खाईल, सामना हरेल. हरू दे. रॉजरने कळ दाबली आणि चार आठवड्यांत पहिल्यांदा निवांत जेवला.

५

तो वृद्धाश्रमात पोचला तेव्हा पावणेचार वाजत आले होते. बर्फ पडत होता. वारा नव्हता, हिमाच्या पाकळ्या सरळ खाली येत होत्या. ओन्नी खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसला होता, हात मांडीवर.

"काळजी सोडा," रॉजर कोट काढता काढता म्हणाला. "मी तो चेंडूच काढून टाकलाय. आता एइनोकडे दोनच प्रकार."

ओन्नीने मान वळवली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खूण काढलीस?"

"चेंडू काढला."

"चेंडू तुला कसा काढता येईल? तो त्याच्या हातात आहे." ओन्नीचा आवाज फुटला. "तू खूण काढलीस, पोइका. मला निदान कळत होतं तरी, कधी येणार ते. हात तयार ठेवता येत होता. आता तो मनाला येईल तेव्हा टाकेल, आणि मी दुसऱ्याच चेंडूला बसलेला असेन. माझी ही बोटं कशाने मोडली असं वाटतं तुला? सगळी अशाच चेंडूंनी मोडली. खूण एक आणि आला दुसरा."

कॅचरची सगळ्यांत मोठी भीती कोणती, हे रॉजरला लहानपणापासून माहीत होतं. ते आज सकाळी त्याला का आठवलं नाही, हे त्याने पुढे स्वतःला फार वेळा विचारलं.

त्याने डार्लीनला फोन लावला. "थांबव. सामना थांबव."

"थांबलाच आहे. अडकलाय," ती म्हणाली. "तुझ्या एइनोने कमाल केली, नऊ डाव दोनच प्रकारांवर काढले. शेवटचा फलंदाज आहे, आणि ओळ अर्धीच येऊन बसलीय."

"काय आहे ओळीत?"

"एइनो लाम्पी टाकतो. बस. पुढे काहीच नाही."

रॉजरने फोन खिशात घातला. ओन्नीने डावा हात छातीसमोर उचलला होता. पण हात खाली खाली येत होता. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरून तो वर ठेवायचा प्रयत्न केला. मानेतली शीर उडत होती.

मग रॉजर खुर्चीच्या पुढे गेला आणि खिडकीकडे तोंड करून ओन्नीच्या पायांशी उकिडवा बसला. गुडघे कडाडले. त्याने डावा पंजा उघडून पुढे धरला.

मागून ओन्नीची वाकडी बोटं त्याच्या कोपराला लागली. "जरा खाली. असा. आणि डोळे उघडे ठेव."

"ठेवतो."

खोलीत हीटरची टकटक होती. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं. रॉजरने मैदानाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, दोन म्हातारी माणसं खेळाच्या नादाने खुळावली आहेत, दुसरं काही नाही. आणखी पाच मिनिटं बसू, मग कॉफी मागवू.

एकतीस वर्षं त्याने ट्रकच्या काचेतून पडणारा बर्फ बघितला होता. म्हणून ते त्याला दिसलं. मैदानाच्या मधोमध, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एका जागी बर्फ पडत नव्हता. जागा लहान होती, मुठीएवढी. पाकळ्या वरून यायच्या आणि तिथे नसायच्या. खाली पुन्हा असायच्या. त्याला वाटलं, काचेवर डाग आहे. त्याने मान हलवून पाहिलं. डाग मानेबरोबर हलला नाही.

ती जागा पुढे येत होती. घाई नव्हती तिला. जाळीच्या खांबांपाशी आली, त्यांच्यातून अलीकडे आली. बाहेर लावलेल्या रॉजरच्या पिकअप ट्रकच्या टपावरून येताना टपावरच्या बर्फात एक बारीक, सरळ रेघ उमटत गेली. त्याला डोळे मिटावेसे वाटले, सहा वर्षांचा असताना वाटायचे तसेच. त्याने मिटले नाहीत.

आणि त्या रिकाम्या जागेच्या मागे, फार मागे, मैदानात कोणीतरी पुढे झुकून उभं होतं. हात नुकताच खाली आलेला. बघत होतं.

काचेला काही झालं नाही. पंज्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज मात्र व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला.

६

क्रिस्टी धावत आली, तेव्हा रॉजर जमिनीवर बसला होता आणि खुर्चीत ओन्नी दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसला होता.

"किती?" ओन्नीने विचारलं. रॉजर नेहमी विचारायचा तसंच.

रॉजरने पंज्याकडे पाहिलं. मधोमध लालभडक झाला होता आणि बर्फासारखा गार होता. पंज्यात काही नव्हतं.

"हाताला लागला," तो म्हणाला. "हातात नाही."

ओन्नीने हळूच मान हलवली आणि डोळे मिटले. क्रिस्टीने घाबरून नाडी धरली; नाडी अगदी छान चालली होती. तो झोपला होता. पुढे ती सांगायची की तिथे आल्यापासून तो माणूस पहिल्यांदाच हात मिटून झोपलेला तिने पाहिला.

रॉजर अंधार पडायच्या आत घरी आला. ट्रक त्याने एका हाताने चालवला, कारण डावा पंजा मिटत नव्हता. दुखत नव्हता, फक्त मिटत नव्हता. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता. सामन्याची शेवटची ओळ आता पूर्ण झाली होती: 'एइनो लाम्पी टाकतो. कॅचर नवीन. स्ट्राइक.' खाली पुढच्या शनिवारची यादी लागली होती आणि एइनोच्या नावापुढे लिहिलं होतं: तयार.

खिडकीबाहेर बर्फ पडत होता. रॉजर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. एकेक पाकळी मोजावी तसा. मग त्याने उजव्या हाताने एइनोचं पान उघडलं, यादीत सगळ्यांत खाली गेला आणि 'इतर'ची चौकट पुन्हा चालू केली. गेमने आकडा मागितला. त्याने जागा रिकामीच सोडून कळ दाबली, आणि गेमने ती तशीच घेतली.

आता निदान कळेल तरी, कधी येणार ते. त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि हात छातीसमोर धरून बसला.